बिनकारखान्याचे चेअरमन

जयसिंगपूरच्या क्रांती चौकात कुणी ‘ओ चेअरमन’ अशी हाक मारली तर चार-पाच माणसं तरी मागं वळून बघतात. एकाकडं विकास सोसायटी असते, दुसऱ्याकडं दूध संस्था, तिसऱ्याकडं पतसंस्था. आमच्या चेअरमनांकडं यातलं काहीच नाही. एकदा सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते. सूचक आणि अनुमोदकानं तरी मत दिलं होतं का, यावर चौकात अजून दोन तट आहेत. पण निकालाच्या आधी कार्यकर्त्यांनी चहाच्या आशेनं ‘चेअरमन’ म्हणायला सुरुवात केली होती. डिपॉझिट गेलं, नाव राहिलं.

हा कुणी एकटा माणूस समजू नका. को 86032 या उसासारखं हे वाण आहे, शिरोळ तालुक्यात कुठल्याही मातीत येतं. ओळखायची खूण सोपी आहे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, करकर वाजणारं पायताण, आणि बोलण्यात एकही वाक्य साधं नाही. आपण म्हणतो, ‘चहा घेऊया का?’ चेअरमन म्हणतात, ‘चहा सांग.’ कुणाला सांगायचा, पैसे कोण देणार, हे हुकमात येत नाही. लग्नाला गेले की यजमानांच्या आधी पंगतीत उभे राहून वाढप्यांना हाकतात, ‘ए, हिकडं जिलेबी फिरव! पाव्हण्यांच्या पानाकडं ध्यान हाय का न्हाई?’ यजमान समजतो मुलीकडचे असतील, मुलीकडचे समजतात यजमानाचे असतील. एसटीत बसले की ड्रायव्हरला गाडी कुठं थांबवायची ते मागच्या सीटवरून सांगतात. गाडी थांब्यावरच थांबते. चेअरमन उतरताना म्हणतात, ‘शाब्बास!’

त्यांचं दुर्दैव एवढंच की, ते नेमके या गावात जन्मले. जयसिंगपूर शाहू महाराजांनी वसवलं, वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं. आधी आखणी झाली, मग घरं उठली. म्हणून रस्ते सरळ, काटकोनात छेदणारे, आणि गल्ल्यांना नंबर. याच राजानं 26 जुलै 1902 ला एका हुकमानं संस्थानातल्या नोकऱ्यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. हुकूम म्हणजे काय चीज असते ते इथं रोज पायाखाली येतं. आणि त्याच सरळ गल्लीत आमचे चेअरमन आडव्या लावलेल्या मोटारसायकलीसमोर उभे राहून गरजतात, ‘कुणाची गाडी रं ही? पाच मिनिटात हलली पायजे!’ पाच मिनिटांनी गाडी तिथंच असते. चेअरमन पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून गेलेले असतात. काटकोनी गावाची ही एक सोय आहे, माघार घेतली तरी फेरफटका मारल्यासारखी दिसते.

सिनेमा असो की पुस्तक, नायक आणि खलनायक असा भेद चेअरमनांना मान्य नाही. त्यांच्या लेखी कथेतली माणसं दोनच प्रकारची, सांगणारी आणि ऐकणारी. सांगणारा पडद्यावर काय पाप करतोय हा प्रश्न दुय्यम. गब्बरसिंगाबद्दल त्यांना आदर आहे, पण नियोजनाबद्दल तक्रार. ‘वसुलीला तिघंच धाडली. धा धाडायची! आपण सभेला तीन ट्रॅक्टर माणसं न्हेतो तवा कुठं शंभर दिसत्यात.’ ‘मिस्टर इंडिया’तला मोगँबो त्यांना सगळ्यांत जवळचा. मोठी खुर्ची, अंगावर सोनेरी झूल, आणि नुसत्या शब्दावर माणसं तेजाबात उड्या टाकतात. हा प्रसंग आला की चेअरमन गप्प होतात. मग हळूच म्हणतात, ‘आणि आमची पोरं टपरीवरनं पान आणायला सांगितलं तर म्हणत्यात, पैसे द्या आधी.’

पुस्तकांच्या बाबतीतही तेच. अण्णाभाऊ साठ्यांचा फकिरा म्हणजे जवळच्या वाळवा तालुक्याच्या मातीतला, तेव्हा त्याच्यावर मत असणं भागच. दुष्काळात फकिरानं धान्य लुटून उपाशी माणसांना वाटलं, हे चेअरमनांना पटतं, वाटपाला आपण उभे असल्यासारखं ते सांगतात. पण पकडलेली आपली माणसं सुटावीत म्हणून फकिरा स्वतः सरकारला शरण जातो, तिथं त्यांचं आणि अण्णाभाऊंचं बिनसतं. ‘म्होरक्यानं स्वतः हजर व्हायचं नसतंय. माणसं कशाला असत्यात मग?’ 1961 साली राज्य पुरस्कार मिळालेल्या कादंबरीत ही दुरुस्ती सुचवणारा दुसरा वाचक माझ्या ऐकिवात नाही.

‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेचं चित्रीकरण आपल्याच जिल्ह्यात वसगड्याला चालायचं. तिचा नायक राणा, एवढा आडदांड पैलवान, पण वहिनीसाहेबांपुढं मान खाली. ‘ह्यो हिरो?’ म्हणत चेअरमन रोज संताप करायचे आणि रोज बघायचे. शेवटी एकदा निकाल दिला, ‘त्या घरात चेअरमन हुण्यासारखी एकच, ती वहिनी.’ घरातल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. तेवढ्यावर भागलं.

पण त्यांचं खरं दैवत ‘सामना’तले हिंदुराव धोंडे पाटील. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी केलेला हा सिनेमा 1975 च्या बर्लिन महोत्सवात गेला होता, हे चेअरमन असं सांगतात की तिकीट यांनीच काढून दिलं असावं. हिंदुराव साखरपट्ट्याचा धनी. आमच्याकडं त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. रस्त्यात सापडलेला दारुडा मास्तर तो घरी आणतो, ठेवून घेतो. इथपर्यंत चेअरमन खुर्चीच्या कडेला येऊन बसलेले असतात. पुढं तो मास्तर मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी सुरू करतो. ना हत्यार, ना टोळी, नुसता एक प्रश्न, आणि तोच तो पुन्हा पुन्हा. नेमक्या या टप्प्याला चेअरमनांना तंबाखूची आठवण होते. उठून बाहेर जातात. त्यांच्या मते सिनेमा तिथून बिघडला.

त्यांनी बाहेर न जाता ऐकायला हवं होतं, निदान हिंदुराव झालेल्या निळू फुल्यांचा आवाज तरी. हिंदुराव ओरडत नाही. खर्जात, जरा घोगरं, जवळजवळ आर्जव केल्यासारखं बोलतो आणि समोरच्याच्या पोटात गोळा येतो. हा आवाज ज्याचा, तो माणूस राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, एके काळी पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळीकाम करणारा. आयुष्यभर पडद्यावर पाटील, सरपंच, सभापती झाला आणि पडद्याबाहेर कुणावर हुकमत गाजवायला गेला नाही. चेअरमनांनी त्यांचं धोतर घेतलं, भुवई उडवणं घेतलं, माळीकाम सोडून दिलं.

आता हंगामातली गोष्ट. शिरोळ तालुक्यात खरी हुकमत कुणाची, हे बघायचं तर सभा-संमेलनात जाऊ नका. ऊस परिषदेला विक्रमसिंह मैदान भरतं तेव्हाही नाही, कारण तिथं व्यासपीठाइतकेच सेनापती समोर मांडी घालून बसलेले असतात. हुकमत बघायची तर बांधावर, साखर कारखान्याचा चिटबॉय येतो तेव्हा. पंचविशीतला पोरगा, जुनी मोटारसायकल, खिशाला पेन, हातात डायरी. फडाला तोड कधी द्यायची हे त्या डायरीत असतं. चेअरमनांच्या बांधावर तो आला तेव्हा मी तिथं होतो. चिटबॉयनं गाडीवरून उतरण्याचेही कष्ट घेतले नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाला, ‘बघू.’

एवढंच. हिंदुरावाला सगळा सिनेमा लागला ते या पोरानं दोन अक्षरांत केलं.

आणि चेअरमन! ‘न्हाई, तसं न्हवं साहेब, लागण तारखेनं आमचा नंबर कवाच होऊन गेलाय… चहा तरी घ्या साहेब. आरं, साहेबांस्नी खुर्ची आण!’ खुर्ची कुणी आणली नाही, म्हणून चेअरमनांनी स्वतः शेजारच्या घरातून आणली. चिटबॉय बसला नाही. चहा उभ्यानं घेतला, अर्धा टाकला, किक मारली. धुरळा बसेपर्यंत चेअरमन हात जोडून उभे होते. मग वळले आणि माझ्यावर गरजले, ‘तू काय बघतोस? जा घरला!’ मी गेलो. त्या दिवशी त्यांचा पाळला गेलेला तो एकमेव हुकूम होता आणि तो पाळायला मला अजिबात जड गेलं नाही.

तोड शेवटी मार्चच्या तोंडावर मिळाली. तोडणी टोळीला खुशालीचे पैसे द्यावे लागले, ड्रायव्हरला एन्ट्रीचे द्यावे लागले, आणि एवढं करून उसाचं वजन घटलं होतं ते घटलंच. दुसऱ्या दिवशी चौकात चेअरमन सांगत होते, ‘मीच म्हटलं, गडबड नगं. आधी बाकीच्यांचा जाऊ द्या.’ ऐकणारे तिघं होते. तिघांनीही मान हलवली, कारण तिघांचाही ऊस अजून फडातच उभा होता.