फुकटच्या गारगोट्या

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावं याचे आपल्याकडे ठरीव मार्ग आहेत: हास्यक्लब, सोसायटीचं सेक्रेटरीपद किंवा अमेरिकेतली नातवंडं. माझ्या मेहुण्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने दगड घोटायचं यंत्र घेतलं. रबराचा एक छोटा ड्रम, खाली मोटर, आत दगड, पाणी आणि पावडर. हे महिनाभर रात्रंदिवस फिरवायचं की नदीतली गारगोटी आरशासारखी चमकते म्हणे. यंत्र आलं, पावडर आली. दगड तेवढे नव्हते. ते विकत घेणं त्याच्या तत्त्वात बसत नाही, कारण दगड फुकट असतात.

म्हणून आम्ही पुण्याहून सुमारे १८० किलोमीटरवरच्या नेवाशाला निघालो. बायको यायला तयार झाली ती पैस खांब, मोहिनीराज आणि परतताना शिंगणापूर या तीन अटींवर. वाघोलीला गाडी अशी अडकली की मेहुण्याने रस्त्यालगतच्या खडीच्या ढिगाची खिडकीतूनच पाहणी उरकून घेतली. ‘बेसाल्ट आहे. मऊ. आपल्या कामाचा नाही,’ असा शेरा मारून त्याने काच वर केली. सह्याद्रीला मऊ म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

नगरला मिसळ खाताना व्याख्यान झालं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि तिथे पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि आत क्वार्ट्‌झ, कॅल्सेडनी, अकीक असं काय काय साकळलं. भोवतालचा काळा दगड कुजून माती झाला, आतल्या कठीण गारगोट्या तेवढ्या सुट्या होऊन नदीत आल्या. ‘म्हणजे दाजी, साडेसहा कोटी वर्षांची एफडी. आपण फक्त काढायला निघालोय.’ काउंटर सुटला तरी भाषा सुटत नाही.

मे महिन्यातलं प्रवरेचं पात्र म्हणजे दगडांचं प्रदर्शनच. दुपारी बारा वाजता ते पाहायला मात्र आम्ही तिघंच. मेहुण्याने खिशातून जुना चाकू, काचेचा तुकडा आणि पाण्याची बाटली काढली. चाकूने दगडावर चरा पडला तर तो फेकायचा. दगडाने काचेवर चरा पडला तर ठेवायचा, कारण क्वार्ट्‌झचा कठीणपणा ७, काच आणि चाकू साडेपाचच्या आसपास. प्यायच्या पाण्यातलं निम्मं पाणी दगडांवर गेलं. सुका दगड कळकट दिसतो, ओला केला की रंग सांगतो.

अंगठ्याच्या पेराएवढा एक दगड मलाही सापडला. वरून पांढुरकी, खरबरीत साल. एका बाजूने टवका उडालेला होता, तिथून तो उन्हात धरला तर कडेला मधाचा रंग पेटला आणि आत एकात एक बसवलेल्या राखाडी-पांढऱ्या रेघा दिसल्या, केसाएवढ्या बारीक, कुठेही एकमेकींना न शिवणाऱ्या. पाच मिनिटं मी तो फिरवून फिरवून पाहत होतो. अकीक होता. मेहुण्याने तो काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

एवढ्यात शेळ्या आल्या, पाठोपाठ एक आजोबा.

‘सर्वे हाय का?’

‘नाही नाही, आम्ही आपले सहज...’

‘रस्ता चाललाय का हिकडनं? गुंठ्याला काय भाव देनारेत?’

रस्ता नाही म्हटल्यावर त्यांनी वाळूचा संशय घेतला. वाळू नाही म्हटल्यावर आवाज खाली आणून गुप्तधनाची चौकशी केली. शेवटी मेहुण्याने पिशवी उघडून दाखवली. आजोबांनी आधी पिशवीकडे, मग आमच्या गाडीकडे, मग माझ्या बायकोकडे पाहिलं.

‘ताई, पुन्याला दगडं न्हाईत का?’

तिने एवढ्या आनंदाने मान डोलावली की आजोबांना जोर चढला. ‘माझ्या रानात चला. ट्रॉलीभर न्या. फुकाट. वर च्या पाजतो. मी जल्मभर येचतोय, सपंनात.’

त्यांनीच पुढे सांगितलं की त्यांच्या लहानपणी पुण्याचे कॉलेजवाले लाडमोडाचं टेकाड खणायला आले होते आणि त्यांचे वडील तिथे मजुरीला होते. डेक्कन कॉलेजचं ते उत्खनन १९५४ ते १९५६ या काळातलं. हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला माणसाचा फार जुना मुक्काम शोधून काढला. इथल्याच चर्ट, जास्पर, अकीकाची मध्य पुराश्मयुगातली हत्यारं अभ्यासकांच्या जगात नेवाशाच्या नावाने ओळखली जातात. पुढे ताम्रपाषाण काळातली माणसंही कॅल्सेडनीची नाजूक पाती काढत होती. म्हणजे या नदीकाठी वाकून गारगोट्या निवडण्याची रीत मेहुण्याने सुरू केलेली नाही. ‘त्येंनी निदान वही तरी आनली व्हती,’ आजोबा म्हणाले.

यामुळे एक पंचाईत झाली. धारेला टवके काढल्यासारखा दिसणारा दगड उचलायचा नाही, तो अभ्यासकांचा, हा मेहुण्याचाच नियम. बायकोने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. त्यानंतर तिला प्रत्येक दगडात आदिमानव दिसू लागला आणि पिशवी तासाभरात निम्मी झाली. शिंगणापूरला आम्ही उजेडात पोचलो.

यानंतरचा प्रवास ड्रममधला. कार्बोरंडम पावडर आधी जाडी, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिशची. प्रत्येक टप्प्याला आठवडा. ड्रम दोन तृतीयांशाच्या वर भरायचा, म्हणजे दगड आपटत नाहीत, घासत राहतात. दर टप्प्यानंतर प्रत्येक दगड टूथब्रशने धुवायचा, कारण जाड्या पावडरीचा एक कण पुढे गेला की पॉलिशवर ओरखडे. मेहुण्याने स्वतःच्या दातांना एवढा वेळ कधी दिलेला नाही. खालच्या मजल्यावरचे काका चौथ्या दिवशी वर आले आणि तुमच्याकडे रात्री दळण चालतं का, असं फार सभ्यपणे विचारून गेले.

खंभातचे अकीकवाले पूर्वी हेच काम विजेशिवाय करत. कातड्याच्या पिशवीत मणी आणि पावडर भरून दोन माणसं ती दिवसचे दिवस इकडून तिकडे ओढत बसत. हे ऐकून बायको म्हणाली, ‘दोघं आहातच, पिशवी मी शिवून देते.’ त्याच खंभातमध्ये सुक्या दगडाच्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस होतो, फुप्फुसं निकामी होतात. ड्रममधलं काम पाण्यात होतं, धूळ उडत नाही. गारगोटी घरी सुकी कापायला किंवा घासायला मात्र कुणी बसू नये. तिथे विनोद संपतो.

महिन्याने ड्रम उघडला. गारगोट्या खरोखर चमकत होत्या, माझा अकीक तर ओला नसतानाही ओला दिसत होता. मेहुण्याने वहीत हिशोब लिहिला: पेट्रोल, टोल, मिसळ, पावडर, वीज, प्लंबर. दगड: शून्य रुपये. प्लंबरची रक्कम सगळ्यांत मोठी होती, कारण पहिल्या टप्प्याचा राखाडी गाळ मेहुण्याने बेसिनमध्ये ओतला आणि तो खाली पाइपात सिमेंटसारखा बसला. प्लंबरने तो तुकडा बाहेर काढून, इथे फरशीचं काम चाललंय का, असं विचारलं. तेव्हा ज्यांना हा छंद लावून घ्यायचा असेल त्यांनी यंत्राच्या आधी एक बादली घ्यावी, गाळ त्यात बसू द्यावा, वरचं पाणी झाडांखाली ओतावं आणि खालचा लगदा सुकवून कचऱ्यात टाकावा. मोरीत थेंबही जाता कामा नये.