चपला बाहेर, मूल आत

पेणपासून निडी-रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात शाळेतला संगणक कक्ष ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की समजावं, आत एकतर सत्यनारायण आहे नाहीतर संगणक. त्याला धूळ सोसत नाही म्हणून चपला बाहेर, ऊन सोसत नाही म्हणून पडदे, आणि शाळा सुटली की अंगावर फुलाफुलांचं कव्हर. दसऱ्याला हळदकुंकू आणि आपट्याचं पान. 'संगणकाची काळजी' यावर परीक्षेत प्रश्नही येतो. त्याच्यासमोर बसणाऱ्या मुलाची काळजी मात्र अभ्यासक्रमाबाहेरची. ती आधी घ्यावी, असं माझं म्हणणं; कारण या दोघांपैकी वॉरंटी एकालाच असते.

चपलांचंच बघा. पावसाळ्यात कोकणातली फरशी कोरडी म्हणून राहत नाही. तिच्यावर अनवाणी मूल, टेबलाखाली एका एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेला दुसरा बोर्ड, आणि प्लगची तिसरी, जाड पिन दोन भोकांच्या सॉकेटात जात नाही म्हणून पकडीने उपटून टाकलेली. ती पिन अर्थिंगची. सीपीयूच्या पत्र्यात करंट उतरला तर जमिनीत जायला त्याला आता वायर नाही. मग तो मुलातून जातो. रबरी चप्पल हे त्यातल्या त्यात स्वस्त संरक्षण, ते आपण दारातच काढून घेतो. 30 मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारा इएलसीबी बसवला तर बरीचशी चिंता मिटते. पण देणगीदाराचं नाव संगणकावर रंगवता येतं, इएलसीबीवर मावत नाही.

बसण्याचं दुखणं इतकं तातडीचं नाही, पण जुनं आहे. बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने 1713 साली कारकुनांच्या व्याधींची कारणं लिहून ठेवली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण. तेव्हा संगणक सोडाच, टाइपरायटरही नव्हता. आज पाचवीतल्या मुलाला मोठ्यांच्या टेबल-खुर्चीवर बसवलं की पाय लोंबकळतात, खांदे कानांना भेटायला जातात आणि मान वर होते. पेणचे मूर्तिकार याहून शहाणे. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना ते मूर्तीभोवती वाकत फिरत नाहीत, मूर्तीच नजरेसमोर घेऊन हवी तशी फिरवतात. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नको, असं राज्य सरकारने 2015 साली ठरवून दिलं. खुर्चीची उंची मोजायला मात्र कोणी टेप घेऊन आलं नाही.

'आम्ही कंदिलाखाली जमिनीवर बसून शिकलो, काय झालं?' असं विचारणाऱ्यांच्या उशाशी बामची डबी असते, तेव्हा ते सोडून देऊ. दुसरा आक्षेप वजनदार आहे: आठवड्यातून एखादा तास, त्यातही एका संगणकावर चौघं, एवढ्याने मान मोडते होय? नाही मोडत. उलट ही चौघं नकळत उत्तम नियम पाळतात. दर पाच मिनिटांनी माउसवरून भांडण, उठणं, ढकलणं. आणि एकाच आदर्श बैठकीत ताठ राहण्यापेक्षा बैठक बदलत राहणं बरं, असं तज्ज्ञही सांगतात. धोका सुरू होतो तो संगणक एकट्याचा झाल्यावर: एमएस-सीआयटी, कॉलेजचं प्रोजेक्ट, पलंगावर लोळत लॅपटॉप. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. म्हणून दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघावं, असं डोळ्यांचे डॉक्टर सुचवतात. निडीसारख्या गावात खिडकीबाहेर 20 फुटांवर बघायला हिरवंगार काही ना काही असतंच, पण संगणकासाठी पडदा ओढलेला.

राहिला पैसा. लहानांच्या लोंबकळत्या पायांखाली एक पाट पुरतो. लॅपटॉपवाल्याला वेगळा कीबोर्ड हवा आणि स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला उचलणारं काहीतरी. गणपतीचा पाट विसर्जनानंतर वर्षभर माळ्यावर पडून असतो. त्यावर चार जुने दिवाळी अंक रचले की काम भागतं. तो पाट पायाखाली घ्यायला आजी परवानगी देणार नाही. लॅपटॉपखाली मात्र तिची हरकत नसावी. दसऱ्याला त्यालाही हळदकुंकू तिनेच वाहिलेलं असतं.