उपसाशास्त्राची तोंडओळख

बांधकामाच्या खड्ड्यात लागलेले पाणी हे पाणी नसते, तो अडथळा असतो. उपसाशास्त्राची उभारणी या एका गृहीतकावर झाली आहे. पुण्याच्या कोथरूड-बावधन-बाणेर पट्ट्यात दुमजली तळघराचे खोदकाम सुरू झाले की माती, मुरूम आणि भेगाळलेला खडक ओलांडत पोकलेन कधी कधी जिवंत झऱ्यापर्यंत पोहोचतो. विहीर खणणाऱ्याने अशा वेळी नारळ फोडला असता. साइटवर मोटर मागवतात.

दख्खनच्या बेसॉल्टचा स्वभाव मुळात कंजूष. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. जे काही मुरते ते झिजलेल्या थरात, भेगांत आणि मांजऱ्या नावाच्या सच्छिद्र खडकात. असा झिजलेला, भेगाळ बेसॉल्ट आकारमानाच्या साधारण दोन टक्केच पाणी सोडतो, म्हणजे घनमीटरभर खडकातून जेमतेम २० लिटर. आता सेकंदाला १० लिटर फेकणारी मोटर अहोरात्र चालली, तर दिवसाला ८ लाख ६४ हजार लिटर पाणी बाहेर पडते. दहा हजार लिटरचे ८६ टँकर. बाजूने थेंबही आला नाही असे धरले, तर एक हेक्टर जमीन एका दिवसात चार मीटरहून अधिक खोलीपर्यंत कोरडी व्हावी. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण पाणी शेजारून येते. मोटरीभोवती भूजलपातळी नरसाळ्यासारखी खचते आणि नरसाळ्याची कड प्लॉटची हद्द मानत नाही. शेजारच्या सोसायटीला या तत्त्वाचा बोध बोअर हवा ओकू लागल्यावर होतो.

शेजाऱ्याने कायद्याची पुस्तके उघडली, तर तिथेही या शास्त्राला भक्कम आधार सापडतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरला एका सूतगिरणीची विहीर जवळच्या कोळसाखाणीच्या उपशाने आटली. ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या १८४३ च्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की नुकसान झाले खरे, पण त्याला दाद नाही. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये हाच विचार आला: ठरावीक प्रवाहातून न वाहणारे भूजल आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क मालकाला आहे. यातली ‘विल्हेवाट’ बांधकाम क्षेत्राने अक्षरशः घेतली. स्वच्छ झऱ्याचे पाणी पाइपातून पावसाळी गटारात आणि गटारातून नदीत जाते. तिथे ते मैलापाण्याला भेटते आणि मग त्याच्या शुद्धीकरणाच्या योजना आखता येतात.

पुढचे कायदे शहाणे आहेत, ही गोष्ट मान्य करायला हवी. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा. तो अमलात यायला २०१४ उजाडले. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणून वेसण घातली आहे. तळघर मात्र दहा मीटर खोल असते आणि ते विहीर नसते, निदान नकाशावर तरी. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही पळवाटही बुजवली: प्रकल्पासाठी उपसा करायचा तर ना-हरकत घ्या, डिजिटल मीटर बसवा, आकडे कळवा. मीटर बसवायची सोय आहे. साइटवर तो शोधून काढण्याची सोय अजून व्हायची आहे.

मोटर बंद का करत नाहीत, या भाबड्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. भूजलपातळीच्या तीन मीटर खाली टाकलेल्या राफ्टला, म्हणजे पायाच्या सलग काँक्रीट थराला, पाणी दर चौरस मीटरला तीन टनांनी वर ढकलते. इमारतीचे पुरेसे वजन अंगावर येण्याआधी उपसा थांबवला, तर तळघर उचलले जाऊ शकते, नाहीतर फरशी तडकते. म्हणून मोटर महिनोन् महिने चालते, ऐन एप्रिल-मेमध्येही. कित्येक इमारतींत ताबा दिल्यावरही ती चालूच राहते.

उलट बाजूची वाहतूक कमी चर्चिली जाते. खड्डा हा भूजलात उतरायचा सरळ रस्ता आहे. जनरेटरचे सांडलेले डिझेल, सिमेंटचे अल्कधर्मी पाणी, भरावात ढकललेला राडारोडा आणि मजुरांच्या तात्पुरत्या संडासाचा निचरा तिथूनच खाली जातो. जमिनीच्या चाचणीसाठी मारलेली भोके न बुजवता सोडली, की वरच्या थरातली घाण खालच्या थराला घरपोच मिळते. बुजवायला लागते ती सिमेंटची पातळ लापशी. बहुधा ती परवडत नसावी.

उपाय अज्ञात आहेत असेही नाही. उपशाबद्दलचे भारतीय मानक आयएस ९७५९ हे १९८१ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. खोदण्याआधी भूजलतज्ज्ञाकडून पाहणी करून घ्यावी, शेजारच्या बोअरांची पातळी नोंदवावी, डायफ्राम वॉल घालून किंवा भेगांत ग्राउटिंग करून पाणी बाहेरच अडवावे. उपसलेले पाणी गाळ बसवून खड्ड्यापासून पुरेशा अंतरावरच्या पुनर्भरण विहिरीत परत सोडावे. पुनर्भरण खड्ड्याला लागून केले, तर तेच पाणी फिरून मोटरीकडे येते; कंत्राटदार याला पाण्याची मुबलकता म्हणतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे झरा लागला तिथे दुसरे तळघर न खणता गाड्या जमिनीवरच्या मजल्यांवर लावणे. त्याने नकाशा बदलावा लागतो, म्हणून तो विचारात घेतला जात नाही.

शोषखड्डा मात्र प्रत्येक नकाशात असतो. भोगवटा प्रमाणपत्रासाठी त्याचा फोटो निघतो आणि मग त्यावर कुंड्या येतात. गच्चीवरचे पावसाचे पाणी त्यात मुरते की नाही, हे कुणी मोजत नाही. अशा सोसायट्यांत तळघरातले पाणी फेकणाऱ्या मोटरीचे वीजबिल आणि पाणी आणणाऱ्या टँकरचे बिल एकाच देखभाल निधीतून भरले जाते.