बैलाची न्याहारी

आळेफाट्याच्या व्यायामशाळेतल्या पोरानं माझा दंड दोन बोटांत धरून दाबला आणि नुसतं "हं" केलं. या "हं"चा अर्थ बेल्ह्यात वाढलेल्या माणसाला फोडून सांगावा लागत नाही. सोमवारच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाच्या वशिंडावर हात फिरवतं, जबडा उघडून दात बघतं आणि असंच "हं" करून पुढच्या दावणीकडे चालू लागतं.

"काका, दिवसाला प्रोटीन किती जातं?"

"भरपूर," मी म्हणालो. आकडा माहीत नसला की मी भरपूर म्हणतो. नोकरीतली सवय आहे.

खरं तर मी पैलवान माणूस. जत्रेतला आखाडा पोरासोरांच्या कुस्त्यांनी सुरू होतो आणि त्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. तशी एक मी मारलेली आहे. मी तिसरीत होतो, समोरचा पहिलीत. पण हा तपशील काळाच्या ओघात गळून पडला. कॉलेजात पोचेपर्यंत रेवड्यांचा नारळ झाला होता, नोकरीत नारळाचा फेटा झाला, आणि सासुरवाडीला तर ते चांदीचं कडं होतं. ते कडं कुठं आहे, असं मेव्हण्यानं एकदा विचारलं, तेव्हापासून मी पुन्हा फेट्यावर आलो आहे.

पोरानं सहा अंड्यांचा पांढरा भाग आणि पावशेर चिकन सांगितलं. मी शर्टाचं वरचं बटण काढून तुळशीची माळ दाखवली. माळ घालून पाच वर्षं झालीत आणि दाखवायची एकही संधी मी सोडलेली नाही. "मग अवघड आहे काका," तो म्हणाला आणि त्यानं कपाटातून एक डबा काढला. त्या पैशांत आमच्या घरी वर्षाची कडधान्यं आली असती. पण चारचौघांत दंड दाबून घेतलेला माणूस घासाघीस करू शकत नाही.

डबा घरी ओट्यावर ठेवला. आईनं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कुणाला पोर झालं रं?"

अकरा दिवस मी ती चॉकलेटच्या वासाची भुकटी दुधातून प्यायलो. बाराव्या दिवशी हिनं विचारलं, "अहो, पण सकाळच्या पोह्यांत असतं किती हे तुमचं प्रोटीन?" बघायला गेलो तर बशीभर पोह्यांत पाच-सहा ग्रॅम. आयसीएमआरचा हिशेब किलोमागे 0.83 ग्रॅमचा. माझं वजन 72, म्हणजे दिवसाला साठ ग्रॅम हवं. पोह्यांवर भागवायचं तर मला सकाळपासून रात्रीपर्यंत मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखं पोहे खात बसावं लागलं असतं.

आणि हे पोहे आमच्या घरात आणले कुणी? मीच. नोकरी लागली त्याच महिन्यात. त्याआधी सकाळी रात्रीची बाजरीची भाकरी आणि उरलेली उसळ, नाहीतर दाण्याची चटणी असायची. पण भाकरी खाऊन निघणारा तो शेतकरी आणि पोहे खाऊन निघणारा तो साहेब, असा माझा पक्का समज होता. अंगाखांद्यावर दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून निदान मिशीला कोथिंबीर तरी चिकटलेली दिसावी.

आता त्या जुन्या न्याहारीचा हिशेब मांडायला बसलो आणि घाम फुटला. पन्नास ग्रॅम मटकी, भिजवण्याआधी मोजलेली, म्हणजे अकरा ग्रॅम. बाजरीच्या दोन भाकरी, बारा. मूठभर दाण्यांची चटणी, पाच. अठ्ठावीस ग्रॅम झालं की! डब्यातल्या चमच्यात चोवीस होतं, तेही डबा म्हणतो म्हणून. शिवाय प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांपैकी भाकरीत लायसिन कमी पडतं आणि ते मटकीत असतं, मटकीत मिथिओनिन कमी पडतं आणि ते भाकरीत असतं. आमच्या लग्नात अशी पत्रिका जुळली नव्हती.

सोपं आहे सगळं. मटकी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, दुसऱ्या सकाळी मोड तयार. हिरवे मूग रात्री भिजत घाला, सकाळी आलं-मिरचीबरोबर वाटा, तव्यावर धिरडी घाला. पीठ आंबायचीही वाट बघायला नको. मासवडीबद्दल मी बोलायला लागलो तर लेख तिथंच संपेल. बेसन घाटून, ओल्या फडक्यावर थापून, आत तीळ-खोबरं-लसूण भरून माशाच्या तुकड्यांसारख्या वड्या पाडायच्या. नावात मासा, आत सगळं माळकऱ्याला चालणारं. या कल्पनेला माझा साष्टांग दंडवत. पण ती मटणासारखी मिरवायची वस्तू, रोज सकाळी कोण थापणार? मात्र रात्रीची एखादी वडी उरली तर सकाळी तव्यावर तेल सोडून परता, आणि मला हाक मारा.

खरी गोष्ट हुलग्याची आहे. कोकणात त्याला कुळीथ म्हणतात आणि पाहुण्याला त्याचं पिठलं कौतुकानं वाढतात. आमच्याकडं हुलगा म्हटलं की बैल आठवतो. इंग्रजांनी तर त्याला घोड्याचंच नाव देऊन टाकलं. शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रोटीन, पाणी जवळजवळ नको, मुरमाड रानातही येतो. पाच धरणांच्या आमच्या तालुक्यात आणे पठार अजून आभाळाकडं बघतं, तिथं असल्या पिकाची किंमत कळते. हुलगे भाजून, दळून, गुळाच्या पाण्यात शिजवले की माडगं. पिठात लसूण-मिरची-जिरं घालून, मळून, लांब वळ्या वळून उकळत्या पाण्यात सोडल्या की शेंगोळी. शेंगोळी ताजी गरम खातात हे खरं, पण रात्रभर मुरलेली, सकाळी गरम केलेली जी लागते ती ज्यानं खाल्ली त्यालाच ठाऊक. शाळेत मात्र मी शेंगोळी खाल्ल्याचं कधी कबूल केलं नाही. "बैलाचं खाणं" म्हणून पोरं हसत, आणि ती पोरंही घरून तेच खाऊन आलेली असत.

बैलाचं निघालंच आहे तर सांगून टाकतो, मला राहवत नाही. सोमवारच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात जातात आणि बोटं दाबून आकडा ठरतो; बाजूला उभ्या असलेल्याला दिसतो फक्त हलणारा रुमाल आणि दोघांचे देवळातल्यासारखे निर्विकार चेहरे. बैल दोनदाती, चारदाती की जुळलेला, यावर किंमत. जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, वयात पुरता आलेला. मी बराच काळ स्वतःला जुळलेला समजत होतो. आता दाढा पडायला लागल्यात, त्या अवस्थेला बाजारात काय म्हणतात ते मी इथं लिहिणार नाही.

पण या बाजारातला राजा म्हणजे गाड्याचा बैल. जुन्नर-आंबेगावात बैलगाडा म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावून सांगण्यात मी आयुष्याची काही वर्षं घालवली आहेत. शर्यतीच्या घाटात एकेका गाड्याची बारी सुटते, काही सेकंदांत संपते आणि त्या सेकंदांवर माणसं वर्षभर बोलतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021मध्ये त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या, मे 2023मध्ये घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला. मधल्या सात वर्षांत आमच्याकडं चैत्र यायचा, पण आल्यासारखा वाटायचा नाही. बंदीत लोकांनी हे बैल सांभाळले, आणि कसे सांभाळले! आमच्या भावकीतल्या एका माळकऱ्याच्या गोठ्यात मी स्वतः पाहिलंय: पहाटे बैलाला दूध आणि अंडी. हे गृहस्थ स्वतः अंड्याच्या टोपलीला हात लावण्याआधी माळ शर्टाच्या आत सरकवतात. "बैलानं कुठं माळ घातलीय?" म्हणाले. नंतर ते घरात गेले आणि त्यांनी कालची हुलग्याची शेंगोळी खाल्ली. बैल अंडी खातोय, मालक हुलगे खातोय, आणि मी व्यायामशाळेच्या डब्याचे हप्ते मोजतोय. यात शहाणा कोण, ते रुमालाखाली ठरवावं लागेल.

तर मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला घरातल्या प्रत्येकाच्या न्याहारीचे ग्रॅम लिहायला घेतले. माझे अठ्ठावीस. हिचे बावीस. आईपाशी अडलो. आईच्या ताटात एक भाकरी आणि उसळीचा रस्सा. नुसता रस्सा. मटकीचे दाणे सात-आठ, तेही चुकून आलेले.

"आई, दाणे का नाही घेत?"

"मला रस्साच आवडतो."

हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकत आलोय. इतकंच नाही, पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगतही आलोय, की आमच्या आईला रस्सा फार आवडतो. ती वाढताना पळी तळापर्यंत नेते, दाणे उचलते, ते आधी वडिलांच्या ताटात, मग आम्हा भावांच्या, मग बहिणींना थोडे कमी. शेवटी पातेल्यात उरायचं त्याला आवड असं नाव होतं. आमच्या खाण्यात प्रोटीन होतं हो, रग्गड होतं. तिच्या ताटात ते पोचत नव्हतं, आणि हे न कळायला मला काही शाळा कमी पडली नव्हती. आज तिची पाठ वाकलीय, पायऱ्या चढताना ती भिंत धरते. आमच्याकडं सुगरण म्हणून वाखाणलेल्या बायकांच्या ताटात काय होतं, हे कुणी बघितलं होतं का? मी तर समोर बसून जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी पळी मी घेतली. आईच्या वाटीत रस्सा निथळून नुसते दाणे वाढले, काठोकाठ. ती म्हणाली, "एवढं मला जायचं नाही." मग गप्पपणे सगळं खाल्लं, भाकरीच्या तुकड्यानं वाटी पुसून घेतली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

त्याला आता चार महिने झाले. डब्याची भुकटी संपली. डब्यात हुलगे भरलेत, झाकण घट्ट बसतं. व्यायामशाळेत मी जात नाही, पण दंड परवा शिंप्याकडं मोजून घेतला. साडेदहा इंच भरला, फुगवून.