विनम्रराव

विनम्ररावांच्या तोंडून वावगा शब्द कधी निघालेला नाही. प्रोग्रामरांच्या कुठल्याही ग्रुपवर ते येतात तेच हात जोडून. आधी नुसतं ‘नमस्कार सर’. मग शांतता. कुणी ‘बोला’ म्हटलं की ‘एक छोटीशी शंका होती’. पुन्हा शांतता. शंका अवतरते ती फोटोच्या रूपात: लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटचा झोत, आणि एररची जी ओळ वाचायची नेमकी तीच कापलेली. खाली ‘चालत नाहीये, अर्जंट आहे’. हाच फोटो त्याच वेळी आणखी चार ग्रुपांवर हात जोडून उभा असतो.

व्हर्जन कुठली, काय करून पाहिलंत, असं विचारलं की त्यांना लागतं. ‘राहू द्या सर, तुम्हाला त्रास नको’ ही त्यांच्या रागाची परिसीमा.

बरं, विचारतात एक आणि हवं असतं भलतंच. ‘फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढायची?’ लोक बिचारे सांगतात. मग कळतं की हवं होतं एक्स्टेंशन, आणि फाइल ‘जेपीईजी’ची, म्हणजे अक्षरं चार. ‘तुमचं उत्तर चुकलंय सर,’ विनम्रराव हळुवारपणे कळवतात.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर ते एकदाच गेले. प्रश्नातले ‘हाय’ आणि ‘थँक्स’ तिथे फाफटपसारा म्हणून छाटतात. पुढे तीच अडचण घेऊन येणाऱ्याला मुद्दा चटकन सापडावा, एवढाच हेतू. विनम्ररावांचा नमस्कार कापला गेला, वर ‘फोटो नको, कोड द्या’ असंही सांगण्यात आलं. ‘संस्कार नाहीत,’ म्हणून ते परतले.

कुणी तुटक बोललं की त्यांचा दाखला तयार असतो: सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या जहाल ईमेलांबद्दल माफी मागितली, लिनक्सच्या कामातून काही काळ रजाही घेतली. खरं आहे, आणि झालं ते बरंच झालं. पण टॉरवाल्ड्स निदान समोरच्याचा कोड वाचून चिडत. विनम्रराव स्वतःला आलेलं उत्तरही शेवटपर्यंत वाचत नाहीत.

अशाच एका ग्रुपवर एक गृहस्थ आहेत. नमस्कार-चमत्कार काही नाही. तो तिरका फोटो मोठा करकरून वाचतात, स्वतःच्या मशीनवर तोच घोळ घडवून आणतात आणि रात्री साडेअकराला लिहितात, ‘सतराव्या ओळीत पाथ चुकलाय. डॉक्युमेंटेशन वाचत जा.’ मला विचाराल तर ग्रुपवरचा खरा सभ्य माणूस हाच. विनम्ररावांच्या लेखी मात्र तो उद्धट.

प्रश्न कसे विचारावेत यावर एरिक रेमंड यांचा २००१ सालचा एक प्रसिद्ध लेख आहे. अडचण सुटली की ती कशी सुटली ते सगळ्यांना कळवा, असं त्यात सांगितलंय. विनम्रराव कळवतात, ‘झालं सर! सर्वांचे मनापासून आभार.’

‘कसं झालं?’ असं तिघांनी विचारलं. तिघांनाही एकेक गुलाब आला.