साहेबांना पंखा, एक्सटीला एसी

१९८८ च्या सुमारास पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात मी हिशेब खात्यात चिकटलो. तिथे बड्या साहेबांच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा होता आणि संगणकाला एसी. चपला बाहेर काढल्याशिवाय त्याच्या खोलीत प्रवेश नसे. मे महिन्यात सगळ्या खात्यांना संगणकाबद्दल एकाएकी कुतूहल वाटू लागे. खरेदी खात्यातली मंडळी ‘जरा बघून जातो’ म्हणत येत आणि घाम सुकेपर्यंत बघत बसत.

बघण्यासारखं होतं तरी काय? पीसी-एक्सटी! ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, २० एमबीची हार्ड डिस्क आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. फ्लॉपी सव्वापाच इंची, ३६० केबीची. आज मोबाइलवरचा चार एमबीचा एक फोटो ठेवायला तसल्या बारा फ्लॉप्या लागतील. आमच्याकडे त्यासाठी अर्जही लागला असता, कारण फ्लॉप्यांच्या कपाटाची किल्ली हेडक्लार्क अण्णांच्या जानव्याला असे.

मी रमलो तो डीबेस थ्री प्लस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅममध्ये. पडद्यावर नुसतं एक टिंब; पुढचं तुमचं तुम्ही बघा. त्यातली ‘डिलीट’ ही आज्ञा खरं तर काहीच पुसत नसे. नोंदीवर फक्त खूण होई आणि ‘रिकॉल’ म्हटलं की ती पुन्हा हजर. ‘पॅक’ केल्यावर मात्र ती कायमची जाई. अण्णांनी हे एका दमात समजून घेतलं: ‘‘म्हणजे डिलीट हे निलंबन, रिकॉल म्हणजे पुन्हा कामावर रुजू आणि पॅक म्हणजे बडतर्फी. मग झॅप?’’ झॅपने सगळ्याच नोंदी उडतात, असं मी सांगितलं. अण्णा गंभीर झाले. ‘‘टाळेबंदी! युनियनवाल्यांना सांगू नकोस.’’

खोलीत खरा दरारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा. १३२ कॉलमी कागदावर तो करकरू लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. एरवी लोक कानात बोटं घालत. पण महिनाअखेरीला तोच आवाज ऐकून शॉपमधले कामगार खिडकीशी येत. पगारपत्रक निघतंय! त्या आवाजाइतकं लोकप्रिय संगीत पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या आम्ही फाडून ठेवत असू. खंडेनवमीला शिपाईमामा त्यांच्याच झिरमिळ्या करून मॉनिटरवर लावत. मशीनची पूजा साग्रसंगीत व्हायची. फ्लॉपी ड्राइव्हच्या फटीला मात्र कुंकू लावायचं नाही, असा फतवा अण्णांनी काढला होता. मामांनी तो ‘देवाचं तोंड उघडं ठेवायचं’ अशा श्रद्धेने पाळला.

त्या काळचे व्हायरससुद्धा खानदानी. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसे आणि त्यात कर्त्यांची नावं, पत्ता, फोन नंबर असा सगळा तपशील असे. हल्ली खात्यातून पैसे पळवणारा नाव तर सोडाच, साधी पावतीही देत नाही.

पण एक्सटीवर माझा जीव जडला तो संध्याकाळमुळे. साडेपाच वाजले की ‘पार्क’ अशी आज्ञा द्यायची. हार्ड डिस्कचं हेड सुरक्षित जागी जाऊन थांबे, मग स्विच बंद, दाराला कुलूप आणि किल्ली पुन्हा अण्णांच्या जानव्याला. त्यानंतर जगातला कोणताही साहेब मला बॅलन्सशीट मागू शकत नसे. आज लॅपटॉप दीड किलोचा आहे, म्हणूनच तो जेवणाच्या ताटापर्यंत येतो. एक्सटीवरचं काम घरी न्यायचं तर आधी हमाल ठरवावा लागला असता, आणि हमालीचं व्हाउचर अण्णांनी जन्मात मंजूर केलं नसतं.