पिंपळगावचे कॅप्टन

समुद्र ज्यानं कधी पाहिला नाही तो समुद्राबद्दल ज्या अधिकारानं बोलतो, तो अधिकार मालवणच्या तांडेलाकडेही नसतो. तांडेलाला एखादं वादळ आठवतं आणि तो गप्प होतो. आपल्या माणसाकडे नुसते आकडे असतात, त्यामुळे गप्प बसायचं त्याला कारणच पडत नाही. असा एक इसम गावोगाव सापडतो. कुठे तो रेल्वे इंजिनांत अडकलेला असतो, कुठे अग्निबाणांत. पिंपळगाव रेणुकाईच्या वाट्याला आला तो थेट युद्धनौका घेऊन.

पिंपळगाव हे भोकरदन तालुक्यातलं मिरचीचं गाव. हंगामात व्यापारी उतरतात, पोती ट्रकांवर चढतात आणि बाहेरचा पाहुणा आधी ठसकतो, मग नमस्कार करतो. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरपलीकडे. गावाचा पाण्याशी संबंध येतो तो टँकर आणि ठिबक या दोन मार्गांनी. इथल्या एका आडतीवर मुनीमकी करणारे, पन्नाशी ओलांडलेले, कानावर पेन्सिल खोचलेले गृहस्थ म्हणजे आमचे नायक. गाव त्यांना 'कॅप्टन' म्हणतं. आधी चेष्टेनं म्हणायचं, आता सवयीनं म्हणतं. त्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून ते पद स्वीकारलेलं आहे.

"नवशिक्यानं पहिलं मॉडेल लहान करावं. साधी होडी, फार तर टग," हा उपदेश कॅप्टन कुणालाही फुकट करतात. स्वतः त्यांनी हात घातला तो आयएनएस गोदावरीला. का, तर गोदावरी जालना जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवरून वाहते, म्हणजे ही फ्रिगेट घरचीच पोर! मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही नौका 10 डिसेंबर 1983 रोजी नौदलात दाखल झाली आणि डिसेंबर 2015 मध्ये निवृत्त. "बत्तीस वर्षं नोकरी केली पोरीनं, पण जिल्ह्यात कुणी साधा सत्कार ठेवला नाही," ही खंत ते चहा पिताना न चुकता बोलून दाखवतात. चहाचे पैसे मग समोरचा देतो.

डब्यात सुटे भाग घालून विकतात त्या जहाजांचं प्रमाण बहुधा सातशेस एक किंवा साडेतीनशेस एक असतं. मुनीमाला शंभराचा हिशेब सोपा, म्हणून कॅप्टननी शंभरास एक धरलं. खरं जहाज 126 मीटर लांब, म्हणजे मॉडेल 126 सेंटिमीटर. रुंदी साडेचौदा. कागदावर गणित देखणं दिसत होतं. पहिला सांगाडा उभा राहिल्यावर समजलं की जहाज दिवाणावर मावतं, फक्त दिवाणावर कुणी बसायचं नाही. काकूंनी विचारलं, "अहो, पाहुणे आले तर त्यांना काय डेकवर बसवायचं?"

खरी अडचण नकाशाची. कॅप्टनजवळ होतं फक्त नौकेचं छापील छायाचित्र, आणि तेही एका बाजूचं. दुसऱ्या बाजूला काय आहे, हे विचारायचं कुणाला? शाळेतल्या एका गुरुजींनी शंका काढली, "एकाच बाजूवरून जहाज बांधतात का?" कॅप्टन याच प्रश्नाची वाट बघत होते. अजिंठा इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर. तिथल्या 2 क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. पाचव्या शतकातलं. नौदलानं त्याच चित्रावरून खरंखुरं शिडाचं जहाज बांधून घेतलं, आयएनएसव्ही कौंडिण्य, आणि 21 मे 2025 रोजी कारवारला ते ताफ्यात आलं. "त्यांच्याकडे तरी दुसऱ्या बाजूचा फोटो कुठं होता?" कॅप्टननी टेबलावर पेन्सिल आपटली. गुरुजी निरुत्तर. मग कॅप्टननी डावी बाजू फोटोबरहुकूम केली, उजवी तिचीच आरशातली नक्कल, आणि ती भिंतीकडे करून ठेवली.

साहित्य गावानं पुरवलं. खोक्यांच्या प्लायवुडचे थर फेव्हिकॉलनं चिकटवून, आतून कोरून, बाहेरून रंधा आणि पॉलिश पेपर मारून सांगाडा झाला. फटींत लांबी भरली. ठिबकच्या नळीचे चार तुकडे पुढच्या डेकवर बसले, ती क्षेपणास्त्रं. फवारणी पंपाच्या गाळणीची जाळी वाकवून रडार झालं. सायकलच्या आऱ्यांची डोलकाठी उभी राहिली. गुरांच्या दवाखान्यातल्या वापरून टाकलेल्या सुयांच्या तोफा झाल्या. पाण्याखालच्या भागाला लाल रंग हवा होता, तो ट्रॉलीला मारायच्या रेड ऑक्साइडमध्ये आयता मिळाला. राखाडी काही मिळेना. शेवटी दाराच्या चंदेरी रंगात काळा मिसळून त्यांनी घरीच नौदल तयार केलं.

"काय करू राह्यले कॅप्टन? हे जहाज हाय का भंगाराचं दुकान?" एका हमालानं विचारलं. त्यावर कॅप्टननी जे उत्तर दिलं, ते गावातल्या प्रत्येक जुगाडू माणसानं पाठ करावं. खऱ्या गोदावरीवर क्षेपणास्त्रं रशियाची होती, हेलिकॉप्टरं इंग्लंडची, लढाईचा संगणक इटलीचा. ही सगळी पाहुणेमंडळी एका छपराखाली नांदवायची कामगिरी माझगावच्या माणसांची. "त्यांनी केली ती अभियांत्रिकी आणि मी केलं ते भंगार?"

हेलिकॉप्टरांवरून मात्र आठवडाभर वाद झाला. गोदावरीवर दोन सी किंग मावत, हा कॅप्टनचा विशेष अभिमान. त्यांनी पंख्याला पाच पाती लावली, तर हॉटेलवाल्यानं वर फिरणाऱ्या पंख्याकडे बोट दाखवलं. "पाती तीनच असतात." बरं, मापानं केलेला पंखा 19 सेंटिमीटरचा आणि जहाज साडेचौदा रुंद. पाती दोन्हीकडून बाहेर! "मापात चुकलात," गाव खूश झालं. कॅप्टननी शांतपणे पाती मिटून हेलिकॉप्टर हँगरमध्ये सरकवलं. खऱ्या सी किंगची पातीही अशीच मिटतात. त्या दिवशी हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

जहाज पाण्यावर नेमकं किती बुडायला हवं, हे कॅप्टनचं आवडतं गणित. खऱ्या नौकेचं पूर्ण भारासकट वजन सुमारे 3,800 टन. लांबी शंभरपट कमी केली की रुंदीही शंभरपट घटते आणि उंचीही. म्हणून वजन दहा लाखपट कमी. 3,800 टनांचे राहिले 3,800 ग्रॅम. मिरचीच्या काट्यावर जहाज चढलं तेव्हा ते सव्वा किलोनं हलकं निघालं. कॅप्टननी आडतीतलीच लोखंडी वजनं हँगरमधून आत सोडली. आयुष्यभर मापात पाप नको म्हणणाऱ्या माणसानं त्या दिवशी मालकाला न विचारता सव्वा किलोची वजनं बाहेर काढली, यावरून नादाची खोली समजावी.

जलावतरण एका शेततळ्यावर ठरलं. भारतीय नौदलाच्या रिवाजाप्रमाणे ते बाईमाणसाच्या हातून व्हायला हवं, म्हणून काकूंना बोलावणं गेलं. काकूंनी नारळ घेतला, हळदकुंकू वाहिलं आणि पुटपुटल्या, "आई रेणुके, हे एकदाचं पाण्यात जाऊ दे, दिवाण मोकळा होऊ दे." नारळ फुटला. टाळ्या पडल्या. गोदावरी तरंगली, लाल रेघेपर्यंत अगदी बरोबर बुडाली आणि कॅप्टननी सलाम ठोकला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. नौका किंचित कलली. आतली वजनं तळाला चिकटवलेली नव्हती. ती सगळी कललेल्या बाजूला धावली आणि गोदावरीनं आपलं रेड ऑक्साइड गावाला दाखवलं.

हमालांनी दोरीनं ती बाहेर ओढली. एखादा दुसरा असता तर घरी जाऊन निजला असता. कॅप्टन बांधावरच उभं राहून बोलू लागले. 1628 साली स्वीडनच्या राजाची वासा नावाची युद्धनौका पहिल्याच प्रवासात, स्टॉकहोम बंदरातच बुडाली. 64 तोफा लादल्यानं वरचा भाग जड झाला होता आणि खाली पुरेसं वजन नव्हतं. तिचं आज मोठं संग्रहालय आहे, लोक तिकीट काढून बघतात. "म्हणजे आपण राजाच्या बरोबरीचे झालो!" लोक इतके भारावले की नौका उलटली होती, हेच विसरून गेले. हीच या वल्लीची खासियत. त्याचं जहाज बुडतं, तो कधी बुडत नाही.

आता दिवाणावर नवा बेत पसरला आहे, कौंडिण्यचा. त्या जहाजाला खिळे नाहीत. फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत. कॅप्टननी ही माहिती आडतीवर सांगितली, तेव्हा दिवसभर दाभण-सुतळीनं पोती शिवणारा हमाल पुढं आला. अजिंठ्याच्या जहाजाचं चित्र त्यानं न्याहाळलं.

"नुसतं शिवायचंच व्हतं, तर इतके दिवस ते फेव्हिकॉल कशाला हुंगत बसले?"

कॅप्टननी त्याला जागेवरच मुख्य जहाजबांधणी अधिकारी नेमलं. त्यानंही पद स्वीकारलं. फक्त मजुरी पोत्याच्या भावानं की जहाजाच्या, एवढ्यावर बोलणी अडली आहेत.